चंद्रा दुर्बिणीतले चंद्रशेखर

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास राणीसावरगावच्या बाहेर, दिव्यांचा उजेड मागे टाकून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. समोर टेकडी आडवी आली नाही, तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर एक ठळक पांढरा तारा दिसेल. तो अगस्त्य. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आता हात लांब करून त्याच्या डावीकडे, थोडे खाली, तीन-चार बोटांचे अंतर मोजा. तिथे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पण त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेच्या पलीकडे, अतिशय दूर, दीर्घिकांचे दोन प्रचंड समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, आणि समूह म्हणजे अशा शेकडो वसाहतींचा परगणा. असे दोन परगणे एकमेकांवर आदळले. त्याचा आज आपल्याकडे पोचणारा प्रकाश सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे.

या टकरीचे जे चित्र जगभर गाजले, ते क्ष-किरणांनी काढलेले आहे. आम्हा डॉक्टरांना क्ष-किरण म्हटले की छातीची फिल्म आठवते. नळीतून किरण सोडायचे, मध्ये रुग्ण उभा करायचा आणि हाडांची सावली टिपायची. आकाशात मामला उलटा असतो. तिथे किरण सोडणारे यंत्र नाही, सावलीही नाही. रुग्णच स्वतः क्ष-किरणांनी चमकतो. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत अतिशय विरळ वायू पसरलेला असतो, त्याचे तापमान कोट्यवधी अंश असते, आणि एवढा तापलेला वायू क्ष-किरण बाहेर टाकतो. या समूहांतल्या सगळ्या ताऱ्यांचे वजन एकत्र केले, तरी या वायूचे वजन त्याच्या कितीतरी पट भरते. म्हणजे डोळ्यांना दिसणारे तारे हे समूहाचे दागिने; सामान्य द्रव्याचा खरा ऐवज या न दिसणाऱ्या वायूत.

ते चित्र ज्या दुर्बिणीने काढले तिचे नाव चंद्रा. नाव आपल्या एका माणसाचे आहे: सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. शाळेच्या पुस्तकात त्यांची एक ओळख ठरलेली असते, चंद्रशेखर मर्यादा आणि १९८३ चे नोबेल. पण अगस्त्याखालच्या त्या टकरीशी त्यांचे नाते नावापुरते नाही. अशा टकरींत एक समूह दुसऱ्यात कसा विरघळत जातो, याचे गणित त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते. त्या गणिताकडे वळण्याआधी त्यांना बरेच सोसावे लागले होते.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरचा. घर तमिळ. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी, त्यामुळे बदल्या. दहा भावंडांतला हा पहिला मुलगा. वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे चंद्रशेखर वीस वर्षांचे असताना नोबेल मिळवणारे सी. व्ही. रामन. आई सीतालक्ष्मी यांचे शालेय शिक्षण बेताचेच, पण इब्सेनचे डॉल्स हाउस हे नाटक त्यांनी तमिळमध्ये आणले. घरातल्या स्त्रीने उंबरा ओलांडण्याचे नाटक त्या काळात एवढ्या मोठ्या संसारात राहून भाषांतरित करणाऱ्या बाईची जिद्द काय असेल, ते ओळखता येते. मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकवले गेले. पुढे मद्रासला ट्रिप्लिकेनचे हिंदू हायस्कूल आणि प्रेसिडेन्सी कॉलेज. पदवी हाती येण्याआधीच त्याचा शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला होता.

केंब्रिजला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. आजार गंभीर होता. मोठा मुलगा अशा वेळी देश सोडून जातो, याबद्दल नातेवाइकांत कुजबूज होती. जा, असे निक्षून सांगणारी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे स्वतः आई. मुलगा मद्रासहून मुंबईला आला आणि ३१ जुलै १९३० रोजी मुंबईच्या बंदरातून बोटीत बसला. पुढच्या मे महिन्यात आई गेली. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. दूर देशी शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील आम्हाला रोज दवाखान्यात भेटतात. आपल्या तब्येतीचे पोराला कळवू नका, अशी विनंती ते हमखास करतात. सीतालक्ष्मींचा निर्णय त्याच जातीचा होता, फक्त त्याची किंमत त्यांना आधीपासून माहीत होती.

पावसाळ्यातला अरबी समुद्र. पहिले काही दिवस बोट लागण्यात गेले. समुद्र शांत झाल्यावर एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी वही काढली. प्रश्न होता, म्हातारे झालेले तारे शेवटी काय होतात? ताऱ्याचे इंधन संपले की तो स्वतःच्या वजनाखाली आकसतो. आकसत आकसत पृथ्वीएवढा झाला की आतले इलेक्ट्रॉन आणखी दाबून घ्यायला नकार देतात आणि तारा तिथे स्थिरावतो. याला श्वेत बटू म्हणतात. केंब्रिजच्या फाउलर यांनी हे दाखवून दिले होते आणि प्रत्येक ताऱ्याला असा शांत म्हातारपणाचा आसरा आहे, असे सगळ्यांनी धरून चालले होते. चंद्रशेखर यांना बोटीवर लक्षात आले की तारा जड असेल तर हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचतात आणि तिथे आइनस्टाइनची सापेक्षता लावावी लागते. ती लावली की इलेक्ट्रॉनांचा आधार कमी पडतो. म्हणजे श्वेत बटूच्या वजनाला वरची मर्यादा आहे. पुढे काटेकोर हिशेबात ती सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. त्याहून जड गाभ्याचे काय होते? तो आकसतच राहतो. कुठवर, याचे उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हते. आज ते न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे या नावांनी आपल्याला ठाऊक आहे. आपल्या शेजारी औंढा नागनाथजवळ जी लायगो वेधशाळा उभी राहणार आहे, ती अशाच वस्तूंच्या टकरींचे तरंग टिपण्यासाठी.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी हे काम पूर्ण स्वरूपात मांडले. त्यानंतर लगेच सर आर्थर एडिंग्टन बोलायला उठले. त्या काळचे ते खगोलशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. गेले काही महिने ते चंद्रशेखर यांच्या खोलीवर येऊन कामाची चौकशी करत होते, निबंधाला जादा वेळ मिळावा म्हणून त्यांनी शब्दही टाकला होता. पण आपण काय बोलणार आहोत, याची कल्पना त्यांनी दिली नव्हती. एडिंग्टन यांनी तो सिद्धांत हास्यास्पद ठरवला. सभागृह हसले. बोअर, पाउली यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी खाजगीत चंद्रशेखर बरोबर असल्याचे मान्य केले, जाहीरपणे मात्र कोणी बोलले नाही.

ही गोष्ट नेहमी इंग्रज विरुद्ध हिंदुस्थानी अशी सांगितली जाते. मला ती तेवढीच वाटत नाही. मोठ्यांच्या राउंडमध्ये नवशिक्या डॉक्टरने बरोबर बोट ठेवावे, वरिष्ठांनी एक चुरचुरीत वाक्य टाकावे, सगळ्यांनी हसावे आणि पुढच्या खाटेकडे जावे, हे मी सरकारी वॉर्डांत पुष्कळदा पाहिले आहे. तिथे सगळेच आपले असतात. अशा वेळी नुकसान त्या नवशिक्याचे होते हे खरे, पण खाटेवरच्या रुग्णाचे अधिक होते. खगोलशास्त्रातला रुग्ण म्हणजे तो कोसळणारा तारा. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न जवळपास पाव शतक तसाच पडून राहिला.

चंद्रशेखर यांनी काय केले? भांडत बसले नाहीत आणि हारही मानली नाही. मद्रासला येऊन १९३६ मध्ये आपल्या कॉलेजातल्या मैत्रीण ललिता दोराईस्वामी यांच्याशी लग्न केले, १९३७ च्या सुरुवातीला दोघे अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत दाखल झाले. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले, त्यात आपली मर्यादा शांतपणे नोंदवली आणि तो विषय बंद केला. एडिंग्टनशी पत्रव्यवहार आणि स्नेह त्यांनी टिकवला. १९४४ मध्ये एडिंग्टन वारले तेव्हा शिकागोत त्यांच्यावर आदराने बोलणारे चंद्रशेखरच होते. वडील मात्र परत ये म्हणून लिहीत राहिले. चंद्रशेखर कायमचे परत आले नाहीत, आणि १९५३ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले तेव्हा वडिलांना ते लागले.

विषय बंद करण्याची ही सवय मग आयुष्यभराची झाली. एखादे क्षेत्र घ्यायचे, काही वर्षे त्यात पूर्ण बुडायचे, शेवटी एक जाडजूड ग्रंथ लिहायचा आणि उठून दुसरीकडे जायचे. ताऱ्यांची रचना झाल्यावर त्यांनी ताऱ्यांच्या गर्दीची हालचाल हा विषय घेतला. आमच्या कामाची गोष्ट इथे आहे.

प्रश्न साधा दिसतो. ताऱ्यांच्या गर्दीतून एखादी जड वस्तू वेगाने जात असेल, आणि ती कोणालाही प्रत्यक्ष धडकत नसेल, तर तिचा वेग कमी होईल का? वाटते, कशाला होईल? पोकळीत रोखणारे आहे कोण? चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये गणित करून दाखवले की वेग कमी होतो. आठवडी बाजाराची कल्पना करा. अनोळखी माणूस गर्दीतून सहज पार होतो. पण गावचा पुढारी शिरला की तो पुढे जाईल तशी माणसे त्याच्याकडे वळतात, त्याच्या पाठीमागे गोळा होतात आणि हाका मारून मागे ओढतात. पुढारी जेवढा मोठा, तेवढी पाठीमागची गर्दी दाट, आणि तेवढी चाल मंद. आकाशात हे ओढणे गुरुत्वाकर्षणाचे असते. जड वस्तू पुढे सरकते, तिच्या ओढीने मागच्या बाजूला ताऱ्यांची दाटी होते आणि ती दाटी तिला मागे खेचते. धक्का न लागता होणारे हे घर्षण. आज ते चंद्रशेखर यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा ताऱ्यांचे पुंजके होते. पण तेच सूत्र दीर्घिकांना आणि त्यांच्या समूहांना लागू पडते. एक समूह दुसऱ्यात घुसला की हे घर्षण त्याचा वेग खाते, तो आरपार जातो, वळून परत येतो, पुन्हा जातो, आणि काही अब्ज वर्षांत दोघांचा एक होतो. अरुंधतीकेश या तारकासमूहाच्या दिशेला असलेला प्रसिद्ध दीर्घिकासमूह घ्या. एप्रिलच्या रात्री तो भाग आपल्या डोक्यावर असतो. त्या समूहाच्या मध्यभागी एक नव्हे, दोन राक्षसी दीर्घिका आहेत. त्या दोन वेगळ्या घरांतून आल्या आणि मंदावत मध्याशी बसल्या, असे मानले जाते. कडेला आणखी एक लहान गट आत शिरताना क्ष-किरणांत दिसतो, आणि त्याच्यामागे तप्त वायूची शेपटी लोंबते आहे.

हे सगळे दिसायला वातावरणाच्या वर जावे लागते. आमच्या एक्स-रे खोलीत तंत्रज्ञ जो शिशाचा एप्रन घालतात, त्यात शिसे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या थराचे वजन सुमारे ९० सेंटिमीटर जाडीच्या शिशाइतके आहे. आकाशातले क्ष-किरण जमिनीवर पोचत नाहीत ते बरेच आहे, नाहीतर आपण हे वाचायला नसतो. पण त्यामुळे १९६२ मध्ये अग्निबाणावर उपकरण बसवून वर पाठवेपर्यंत आकाशाचा हा चेहरा कोणी पाहिलाच नव्हता. त्या उड्डाणात वृश्चिक राशीत एक झगझगीत स्रोत सापडला. तो निघाला न्यूट्रॉन तारा, म्हणजे १९३५ साली हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक. मग १९७० मध्ये उहुरू उपग्रह गेला आणि दीर्घिकांचे समूहही क्ष-किरणांत चमकतात, हे पक्के झाले.

चंद्रशेखर तेव्हा साठीत होते. १९७५ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आज झटक्याच्या रुग्णाची बंद रक्तवाहिनी काही तासांत उघडता येते. तेव्हा तशी सोय नव्हती, पहिली अँजिओप्लास्टीसुद्धा व्हायची होती. त्यातून ते उठले आणि कृष्णविवरांच्या गणितावरचा आपला सर्वांत अवघड ग्रंथ त्यांनी त्यानंतर लिहिला. तो छापून आला १९८३ मध्ये, ज्या वर्षी विल्यम फाउलर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या ज्या प्रश्नावरून १९३५ मध्ये ते उठून गेले होते, त्या प्रश्नाकडे त्यांनी असे पाठ फिरवलेल्या वाटेने परत येणे केले. शेवटचे पुस्तक न्यूटनच्या प्रिन्सिपियावर, १९९५ चे. हृदयविकारानंतर मी आता संपलो, असे म्हणत पांघरूण ओढून बसणारे पन्नाशीतले गृहस्थ तपासताना मला ही वीस वर्षे आठवतात. औषधे आणि चालणे तर हवेच, पण उठून बसण्यासाठी काही काम शिल्लक असणे हेही उपचाराचाच भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध मुंबईच्या बंदरावर संपला नाही. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेचे राष्ट्रार्पण डिसेंबर १९९२ मध्ये चंद्रशेखर यांच्या हस्ते झाले. तिथल्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले.

नासाची क्ष-किरण दुर्बीण तयार होत आली तेव्हा तिच्या नावासाठी स्पर्धा घेतली गेली आणि हजारो सूचनांतून चंद्रा हे नाव निवडले. जवळची माणसे त्यांना चंद्रा म्हणत. जुलै १९९९ मध्ये उड्डाण पाहायला ८८ वर्षांच्या ललिताबाई फ्लोरिडात गेल्या होत्या. दोन वेळा उड्डाण थांबवावे लागले, तिसऱ्या खेपेला, २३ जुलैला कोलंबिया यान दुर्बीण घेऊन निघाले. ही दुर्बीण लंबगोल कक्षेत फिरते आणि दूर असताना चंद्राच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते. तिचे आरसेही वेगळे. क्ष-किरण सरळ आरशावर पडला तर आत घुसतो. तळ्यात चपटी ठिकरी तिरकी फेकली की ती बुडण्याऐवजी उड्या मारत जाते. तसे किरण अगदी तिरके घासून वळवावे लागतात. त्यासाठी आरसे एकात एक बसवलेल्या पिंपांसारखे केलेले आहेत.

२००२ मध्ये याच दुर्बिणीच्या चित्रांत मॅक्सिम मार्केविच यांना अगस्त्याखालच्या त्या समूहात गोळीसारखा धावणारा वायू आणि त्याच्यापुढची आघाताची कमान दिसली. वायूचे तापमान दहा कोटी अंशांच्या वर. पुढे आणखी वेध घेतले गेले, आणि २००६ मध्ये डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी त्यावर दुसरे चित्र ठेवले: मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो, त्यावरून काढलेला वजनाचा नकाशा.

दोन मुठी हरभरे समोरासमोर फेकले तर बहुतेक दाणे एकमेकांना न लागता निघून जातात. दोन बादल्या पाणी फेकले तर ते मध्येच थडकते. टकरीत दीर्घिका हरभऱ्यांसारख्या निघून गेल्या. वायू पाण्यासारखा अडकून मध्ये राहिला. सामान्य द्रव्य मुख्यत्वे वायूतच आहे, म्हणजे वजनही मध्येच सापडायला हवे होते. ते सापडले दीर्घिकांच्या बाजूला, जिथे वायू नव्हता. याचा अर्थ तिथे असे काहीतरी आहे, जे वजन धरते पण ना चमकते, ना वायूसारखे घासते. हे कृष्णद्रव्य. ते असल्याचा अंदाज फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अरुंधतीकेशातल्या समूहावरून बांधला होता. इथे ते वायूपासून वेगळे काढून दाखवता आले. ते कशाचे बनले आहे, हे अजून कोणालाच सांगता येत नाही. चंद्रशेखर यांचे घर्षण मात्र त्यालाही चुकत नाही, कारण ते घर्षण फक्त वजन ओळखते.

त्याच वर्षी आयुकाचे जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी आबेल ३३७६ या दुसऱ्या समूहाभोवती रेडिओ लहरींच्या प्रचंड कमानी सापडल्याचे जाहीर केले. त्याही टकरीच्याच धक्क्याच्या खुणा, आणि त्यांचा अर्थ लावायला उपग्रहांवरच्या क्ष-किरण चित्रांचीच मदत झाली. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण अशा समूहांचे वेध आजही घेते. २०१५ मध्ये भारताने सोडलेल्या अॅस्ट्रोसॅटवरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

चंद्रा दुर्बीण पाच वर्षांसाठी बनवली होती. आता पंचवीस वर्षे उलटली. बाहेरचे उष्णतारोधक आवरण झिजल्याने ती पूर्वीपेक्षा लवकर तापते, संवेदकावर थर साचल्याने कमी ऊर्जेचे किरण तिला अंधुक दिसतात. २०२४ मध्ये तिचा खर्च मोठ्या प्रमाणात कापण्याचा प्रस्ताव आला तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी विरोध केला. तापमान सांभाळण्यासाठी तिला एका दिशेला फार वेळ रोखून ठेवत नाहीत. लांबचा वेध असेल तर तो तुकड्या-तुकड्यांत घेतात आणि मग जोडतात.